नात्यांतील जुना सल: आठवण, माणूस आणि व्यवहार यांची उकल

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातील अनेक घरांत दोन तयाऱ्या सुरू होतात. एक सर्वांना दिसते: मूळ घराची साफसफाई, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे) सामान, नेवऱ्या-मोदकांसाठी नारळ, आणि पणजी, वास्को, मुंबई, पुण्याहून कोण कोणत्या दिवशी पोहोचणार याचे फोन. दुसरी तयारी कोणी बोलून दाखवत नाही. आईच्या आजारपणात मोठ्या भावाने पैशांवरून काढलेले शब्द, लग्नानंतरच्या पहिल्याच चवथीला सासूने सर्वांदेखत केलेला पाणउतारा, दारू पिऊन येणाऱ्या वडिलांच्या पावलांची लहानपणची धास्ती, बहिणीला नीट न सांगता तिच्याकडून घेतलेल्या सह्या, असे बरेच काही मनात ठेवून माणसे त्याच राजांगणात, म्हणजे घरातल्या चौकात, पुन्हा एकत्र येतात, आरती म्हणतात, पंक्तीला बसतात आणि परतताना अधिक थकून परततात.

अशा माणसांना सहसा दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे विसरून जा, शेवटी रक्ताचे नाते आहे. दुसरा म्हणजे एकदा काय ते तोंडावर बोलून मोकळे हो. हे दोन्ही सल्ले मला अपुरे वाटतात, कारण दोन्हींत एकाच दुखण्यात गुंतलेल्या तीन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्या जातात. पहिली म्हणजे घडून गेलेल्या प्रसंगाची आठवण, दुसरी म्हणजे आज समोर असलेला माणूस आणि तिसरी म्हणजे त्या माणसाशी अजून अपुरा राहिलेला व्यवहार. आठवणीवरचे काम मुख्यतः स्वतःशी करायचे असते, माणसाचा प्रश्न संवादाने किंवा अंतराने सुटतो आणि व्यवहार कागदांनी व कायद्याने मिटतो. या तिन्हींचा निकाल एकाच बैठकीत लावायला गेलेली घरे मी बिघडताना पाहिली आहेत, म्हणून पुढील सर्व पायऱ्या त्यांना वेगळे करण्यापासून सुरू होतात.

तीन कागदांवर मांडणी

घरात फारशी वर्दळ नसलेल्या वेळी तीन कोरे कागद घेऊन बसावे. पहिल्या कागदावर प्रसंग लिहावा, आणि तो शक्य तितका पंचनाम्यासारखा लिहावा: काय घडले, कुठे घडले, कोण कोण हजर होते, कोणते शब्द उच्चारले गेले, आपण त्यावेळी काय केले आणि इतरांनी काय केले. दुसऱ्या कागदावर त्या माणसाविषयी आजची माहिती लिहावी: त्याचे वय, प्रकृती, त्या प्रसंगानंतरच्या वर्षांतील त्याचे वागणे, त्याने केलेली मदत, पुन्हा केलेले अपमान, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे तेव्हा केले ते तो आजही करतो काय. तिसऱ्या कागदावर केवळ व्यवहार लिहावा: घर, भाट (माडांची बाग), कुळागर (सुपारीची बाग), दागिने, उसने पैसे, आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च, गणपतीच्या खर्चाची पाळी, कोणती कागदपत्रे कोणाजवळ आहेत.

हे काम वाचताना सोपे वाटते, परंतु करताना हात अडखळतो, कारण प्रत्येक वाक्य दुसऱ्या कागदावर उडी मारू पाहते. फोंडा तालुक्यातील एका बहिणीचा प्रसंग कल्पनेने उभा करू. वडिलांच्या बाराव्याला जमलेल्या नातेवाइकांसमोर थोरला भाऊ तिला म्हणाला, "तुला लग्नात दिले ते कमी होते काय?" तेव्हापासून ती माहेरच्या चवथीला गेली नाही. पहिल्या कागदावर तो प्रसंग लिहिताना तिला प्रथमच जाणवते की भावाचे शब्द लागले हे खरे, पण त्याहून अधिक लागले ते शेजारी बसलेल्या आईचे गप्प राहणे. दुसऱ्या कागदावर येते की भाऊ आता साठीला आला आहे, त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, आणि वहिनी दरवर्षी कुळागरातील सुपारी व केळी आठवणीने पाठवते. तिसऱ्यावर येते की कुळागर अजून वडिलांच्याच नावावर आहे. कागद वेगळे झाल्यावर तिला दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. भावाने उद्या क्षमा मागितली तरी कुळागराचा प्रश्न सुटणार नाही, आणि कुळागरातला वाटा मिळाला तरी आईच्या मौनाचे दुःख कमी होणार नाही. तिला ज्या एका मोठ्या भांडणाची भीती वाटत होती, त्याच्या जागी आता तीन लहान कामे आहेत, आणि त्यांतले एक तर भावाशी संबंधित नाहीच.

हे कागद घरात कोणालाही दाखवू नयेत आणि मोबाईलवर पाठवू तर मुळीच नयेत. लेखी रागाचा पुरावा झाला की बोलण्याचे दार बंद होते.

आठवण अंगावर येते त्या वेळी

विशिष्ट वास, विशिष्ट आवाज, फटफटी घरासमोर थांबण्याचा आवाज, एखाद्या खोलीचा उंबरठा, एवढ्यानेही जुना प्रसंग अंगावर येऊ शकतो. छाती धडधडते, हात गार पडतात, डोके सुन्न होते. शरीर जुन्या धोक्याला आजचा धोका समजून सावध झालेले असते, आणि त्यात मनाचा दुबळेपणा मुळीच नाही. अशा वेळी आठवण दाबण्याचा प्रयत्न सहसा उलटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते. त्यांना तो विचार टाळता आला नाही, आणि नंतर मोकळीक मिळताच तो इतरांपेक्षा अधिक वेळा आला. "विसर आता" हा घरगुती सल्ला का लागू पडत नाही, याचे एक उत्तर येथे मिळते.

दाबण्याऐवजी शरीराला आजच्या जागेवर आणावे. दोन्ही तळपाय जमिनीवर घट्ट टेकवावेत. आजची तारीख, आपले आजचे वय आणि आपण कुठे आहोत हे हळू आवाजात स्वतःला सांगावे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा आणि असे काही मिनिटे करावे. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत, मग ऐकू येणाऱ्या आवाजांची. घर पाहुण्यांनी भरलेले असल्यास अंगणात, तुळशीपाशी जाऊन उभे राहावे किंवा तोंडावर गार पाणी मारावे. पाहुण्यांना कारण सांगण्याची गरज नाही.

आठवण अंगावर येणे वेगळे आणि तोच विचार तासन्‌तास घोळवत बसणे वेगळे. "त्याने असे का केले" हा प्रश्न रात्री अकरा वाजता सुरू झाला की त्याला शेवट नसतो. त्यासाठी दिवसातली वीस मिनिटे ठरवून द्यावीत, शक्यतो दुपारी, आणि इतर वेळी विचार आला की तो त्या वेळेसाठी टिपून ठेवावा. उरलेल्या दिवसात हातांना काम द्यावे. संगाथ या गोव्यातच १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या संशोधकांनी राज्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. त्यात प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक, बिगरडॉक्टर समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना सुटलेली रोजची कामे, भेटीगाठी आणि आवडीच्या गोष्टी ठरवून पुन्हा सुरू करायला मदत केली आणि नैराश्य कमी झाले. घरच्या पातळीवर त्यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की बरे वाटल्यावर भजनाला जाईन, बाजार करीन, परसात काम करीन असे न म्हणता ही कामे वारानुसार लिहून ठेवून आधी सुरू करावीत.

दारूविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्याकडे ती स्वस्त आहे, जवळ मिळते आणि सणासुदीला घरातही येते. थोड्या वेळासाठी तिने आठवण बोथट होते, पण झोप मध्यरात्री मोडते आणि सकाळी चिडचिड व उदासी वाढते. ज्यांच्या दुखऱ्या आठवणी मुळातच वडिलांच्या किंवा काकांच्या दारूशी जोडलेल्या आहेत, त्यांनी तरी हा उपाय आपल्या मुलांसमोर मांडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लिहून काढण्याची रीत

पहिल्या कागदावर प्रसंग कोरडेपणाने मांडला होता. आता त्याच प्रसंगाविषयी मन मोकळे करून लिहायचे आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लेखन केले. आयुष्यातील क्लेशकारक प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना ज्यांनी एकत्र लिहिल्या, त्यांना लिहिल्यानंतर लगेच अधिक वाईट वाटले, परंतु पुढील महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. ही रीत घरी करता येते. चार दिवस निवडावेत, शक्यतो सण, लग्न किंवा श्राद्ध यांच्या तोंडावरचे नसावेत. रोज पंधरा-वीस मिनिटे न थांबता लिहावे. शुद्धलेखन पाहू नये. घरात कोंकणी बोलणाऱ्या आणि लिहिताना मराठी वापरणाऱ्या आपल्यासारख्या माणसांनी मनाला लागलेले शब्द ज्या भाषेत उच्चारले गेले त्याच भाषेत लिहावेत, कारण त्यांचे सभ्य मराठीत रूपांतर करताना त्यांतला डंख कागदावर उतरत नाही.

पहिले दोन दिवस जे घडले व जे वाटले ते लिहावे. तिसऱ्या दिवशी त्या वयातील आपल्याला काय कळत होते आणि काय करणे शक्य होते ते लिहावे. दहा वर्षांच्या मुलीने वडिलांना थांबवायला हवे होते असा छुपा दोष अनेक प्रौढ स्त्रिया स्वतःला देत असतात, आणि तो कागदावर आला की त्याचा अन्याय दिसतो. चौथ्या दिवशी या प्रसंगामुळे आज आपण काय टाळतो ते लिहावे. लिहिणे झाल्यावर अर्धा तास कोणाशी महत्त्वाचे बोलणे करू नये. कागद फाडले तरी चालतील. मात्र प्रसंग अगदी ताजा असेल, किंवा लिहिल्यामुळे दिवसच्या दिवस झोप उडत असेल, तर हे थांबवून शेवटच्या भागात सांगितलेली मदत घ्यावी.

भावंडांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा

एकाच घरात वाढलेली दोन भावंडे एकाच बापाविषयी दोन भिन्न माणसांविषयी बोलावे तसे बोलतात, आणि मग "तू खोटे बोलतोस" या वाक्यावर सगळे फिसकटते. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवले की माणसे वाचलेली गोष्ट पुन्हा सांगताना ती आपल्या समजुतीप्रमाणे नव्याने जुळवतात. आठवण प्रत्येक वेळी थोडी नव्याने रचली जाते. याचा अर्थ तुमचा प्रसंग घडलाच नाही असा होत नाही. तपशील बदलू शकतात आणि गाभा खरा असू शकतो. शिवाय भावंडे एकाच वयाची नसतात. डिचोली किंवा सत्तरी या खाणींच्या तालुक्यांत खनिज वाहण्यासाठी ट्रक घेतलेल्या घरातील थोरल्या मुलाला खाणी जोरात चालू असतानाचे हसते, खाऊ आणणारे बाबा आठवतात. धाकट्याला २०१२ मध्ये खाणकाम बंद पडल्यावर कर्जाच्या हप्त्यांनी ग्रासलेले, ताट भिरकावणारे बाबा आठवतात. दोघेही खरे सांगत असतात.

म्हणून भावंडांशी बोलताना खरे-खोटे ठरवायला बसू नये. "तुला काय आठवते ते सांग, मग मला काय आठवते ते मी सांगतो" एवढाच करार करावा आणि मध्ये दुरुस्ती करू नये. वडिलांची ओढाताण समजली म्हणजे ताट भिरकावणे क्षम्य ठरते असेही नाही. कारण समजून घेणे हे एक काम आहे आणि दोष माफ करणे हे दुसरे. दुसरे करायचे की नाही हे ज्याला लागले त्याने ठरवावे.

माणसाशी बोलण्याची तयारी

बोलण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे ते एका वाक्यात लिहावे. घडलेले त्याने मान्य करावे, की क्षमा मागावी, की पुढे तसे वागू नये, की केवळ आपले ऐकून घ्यावे? यांपैकी एकच निवडावे. पुढील वागण्याविषयीची मागणी सर्वांत व्यवहार्य असते, कारण तिच्यासाठी समोरच्याला भूतकाळ कबूल करावा लागत नाही. क्षमेची मागणी सर्वांत अवघड असते, विशेषतः वडीलधाऱ्यांकडून. आपल्या समाजात सत्तरीतल्या काकांनी पुतण्यापुढे तोंडाने चूक कबूल करणे दुर्मीळ आहे, पण तेच काका पुढच्या वेळी स्वतः उठून पाट मांडतात. तेवढे आपल्याला पुरेल की नाही याचा विचार आधीच केलेला बरा.

वेळ आणि जागा यांवर अर्धे यश अवलंबून असते. चवथीच्या दिवसांत, जत्रेला, सुतकात, इस्पितळाच्या खोलीत किंवा दारू घेतलेली असताना हा विषय काढू नये. पंक्तीत किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर कधीच नाही, कारण साक्षीदार असले की माणूस स्वतःची बाजू सोडत नाही. सणानंतर दोन-तीन आठवड्यांनी, आधी फोन करून, दोघांनीच भेटावे. घरात भिंतींना कान असतील तर देवळाच्या आवारात किंवा चालत चालत बोलावे. समोरासमोर नजर भिडवून बसण्यापेक्षा शेजारी चालताना अवघड वाक्ये सहज निघतात.

वाक्ये साधी ठेवावीत. "दादा, बाबांच्या बाराव्याला तू सर्वांसमोर माझ्या लग्नाच्या खर्चाविषयी बोललास. मला ते अजून लागते. मला वाटणीविषयी आज बोलायचे नाही. पुन्हा चारचौघांत माझ्या हक्काचा विषय काढू नकोस, एवढेच मागते." यात प्रसंग एक आहे, परिणाम एक आहे आणि मागणी एक आहे. "तू नेहमीच", "तुम्ही सगळे", "तुझ्या बायकोमुळे" या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये गाळावीत. सासूशी बोलायचे असल्यास पतीने आधी आपल्या आईशी बोलावे हे मी योग्य मानतो, मात्र त्याने "ती म्हणते" असे न म्हणता "आई, मला हे पटत नाही" असे स्वतःच्या नावावर बोलावे.

समोरच्याने नाकारले तर? बहुतेक वेळा पहिली प्रतिक्रिया नकाराचीच असते: "मी असे बोललोच नाही", "तू फार मनाला लावून घेतेस". अशा वेळी पुरावे मांडत बसू नये. "तुला तसे आठवत नसेल, मला आठवते. माझी विनंती तेवढी लक्षात ठेव," असे म्हणून विषय थांबवावा आणि खरोखरच थांबवावा. अनेक माणसांना ऐकलेले पचवायला आठवडे लागतात. पुढची भेट मुद्दाम साध्या कामासाठी ठेवावी, म्हणजे प्रत्येक भेट म्हणजे हिशेब, अशी धास्ती दोघांच्याही मनात बसत नाही. आणि ज्याला आपल्या वागण्याविषयी असे ऐकून घ्यावे लागेल त्याने कारणे देण्यापूर्वी एक वाक्य म्हणावे: "मी तसे बोललो असेन, आणि तुला त्याचा त्रास झाला हे मला कळले."

जी माणसे आता हयात नाहीत, त्यांच्याशी हे बोलणे पत्राने करता येते. चवथीनंतर येणाऱ्या पितृपक्षात म्हाळ, म्हणजे पितरांचे श्राद्ध, असतो. ज्या वडिलांनी मारले त्यांना पिंड देताना मुलाच्या मनात काय चालते याचा विचार घरात कोणी करत नाही. म्हाळाच्या आदल्या दिवशी असे पत्र लिहून ठेवावे, विधी करावा वाटला तर करावा आणि मन तयार नसेल तर त्या वर्षी दुसऱ्या भावाने करावा. विधी केला म्हणून त्यांचे वागणे मान्य केले असे होत नाही.

व्यवहार: भावना बाजूला ठेवून कागद

तिसरा कागद गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथील कायदा शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे आणि मुंबई-पुण्यातील नातेवाइकांचे सल्ले येथे अनेकदा दिशाभूल करतात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली कौटुंबिक कायद्याची चौकट येथे आजही लागू आहे आणि वारशाचे नियम आता राज्याच्या २०१२ च्या वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरीविषयक कायद्यात आहेत. विवाहावेळी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते. एकाचे निधन झाल्यावर निम्मा भाग हयात जोडीदाराचा स्वतःचाच असतो आणि उरलेला निम्मा मुलांकडे समान जातो. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. मृत्युपत्राने माणूस आपल्या वाट्यातील निम्म्याचीच मर्जीप्रमाणे व्यवस्था लावू शकतो, कारण उरलेला भाग मुलांसारख्या वारसांसाठी राखीव असतो.

याचे नात्यांवर होणारे परिणाम समजून घ्यावेत. बहीण वाटा मागते तेव्हा ती भावाकडे उपकार मागत नाही, आणि "लग्नात दिले" हे त्यावर उत्तर नव्हे. आईवडील हयात असताना त्यांच्या भावी वारशावरचा हक्क आधीच सोडून देता येत नाही; म्हणून तशा कागदावर सही करू नये. निधनानंतर हक्क सोडायचाच असेल तर तो स्वखुशीने, दस्त स्वतः वाचून, शक्यतो आपल्या वेगळ्या वकिलाला विचारून सोडावा, आणि दुःखाच्या पहिल्या आठवड्यांत तर कोणत्याच कागदाला हात लावू नये. वारसांत एकमत असेल तर वाटणीचा दस्त होतो. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी होते: मालमत्तेची यादी सादर होते, वाटे ठरतात आणि प्रसंगी सहवारस आपसांत बोली लावतात, जो अधिक बोलीने घर घेतो तो इतरांना त्यांच्या वाट्याची भरपाई पैशांत देतो. भावाभावांनी जन्मघरावर एकमेकांविरुद्ध बोली लावणे कायदेशीरदृष्ट्या साधे असले तरी मनाला फार लागते. म्हणून न्यायालयात जाण्यापूर्वीच गणपती कोणाकडे बसणार, देवघर कोण सांभाळणार आणि इतरांना त्या दिवसांत घरात कसे येता येईल, हे लिहून ठरवावे.

वाटणीच्या बैठकीत जुने अपमान निघू लागले की ते दुसऱ्या दिवसावर ढकलावेत, आणि मनाच्या बोलण्यात वाटणी निघाली की तीही ढकलावी. वृद्ध आईवडिलांचा खर्च मात्र वाटणी होईपर्यंत थांबू शकत नाही. कोण किती देणार हे महिन्याच्या आकड्यांत लिहावे. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

जिथे समेटाचा प्रयत्न करू नये

वरील सर्व पायऱ्या अशा नात्यांसाठी आहेत जिथे दुखावणे थांबलेले आहे किंवा थांबण्याजोगे आहे. मारहाण, धमकी, पैशांची कोंडी आजही चालू असेल तर संवादाचे प्रयोग करू नयेत. आधी सुरक्षितता पाहावी. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा पत्नीपुरता मर्यादित नाही. एकत्र राहणारी आई, बहीण, वहिनी यांनाही तो लागू होतो. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक घरातील प्रत्येक स्त्रीला पाठ असावेत.

सर्वांत जड आठवणी बालपणी घरातल्याच माणसाने केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या असतात, आणि त्या बहुधा वर्षानुवर्षे कोणालाच सांगितलेल्या नसतात. असे ज्याच्या वाट्याला आले त्याच्यावर क्षमेचे किंवा चवथीला हजर राहण्याचे कसलेही बंधन नाही. तो माणूस अजून सणाला त्या घरात येत असेल तर मुलांच्या झोपण्याची व्यवस्था हा प्रश्न आजचा आहे. सगळी मुले एका खोलीत आणि मोठे कुठेही, ही जुनी पद्धत सोडून मुलांनी आईजवळ झोपावे, त्या माणसाबरोबर मूल एकटे सोडू नये, आणि घरातील किमान एका विश्वासू वडीलधाऱ्याला कारण ठाऊक असावे. एखादे मूल आज काही सांगत असेल तर १०९८ वर किंवा पोलिसांकडे कळवावे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्याने ती कळवणे बंधनकारक आहे, आणि घराण्याच्या नावापेक्षा ते मूल मोठे आहे.

अंतर ठेवायचे ठरवले तर तेही नीट ठेवावे. पूर्ण तोडणे आणि पूर्ण सहन करणे यांच्यामध्ये बऱ्याच जागा आहेत: दीड दिवसाऐवजी केवळ आरतीपुरते जाणे, रात्री मुक्काम न करणे, स्वतःच्या वाहनाने जाणे, प्रसादाचा वाटा पाठवणे, आईला वेगळ्या दिवशी भेटणे. कारण विचारल्यास "यंदा एवढेच जमेल" हे उत्तर पुरेसे आहे.

आपल्यापुढे कोणी मन मोकळे केले तर

ऐकणाऱ्याने पहिली दहा मिनिटे सल्ला देऊ नये. "त्यांचा स्वभावच तसा", "आता ते म्हातारे झाले", "आमच्या वेळी याहून वाईट होते" ही तिन्ही वाक्ये बोलणाऱ्याला पुन्हा गप्प करतात. "हे तू इतकी वर्षे एकटीने वाहिलेस" एवढे म्हणावे, मग विचारावे: "मी फक्त ऐकावे, की काही करावे असे तुला वाटते?" तपशील खोदून विचारू नयेत आणि ऐकलेले दुसऱ्या मावशीला सांगू नये. गाव लहान असते. एकदा फुटलेली गोष्ट परत घेता येत नाही. कोणाला देवासमोर गाऱ्हाणे घालायचे असेल, प्रसाद लावायचा (देवाचा कौल घ्यायचा) असेल तर त्याची थट्टा करू नये, कारण त्यानेही अनेकांना धीर येतो. परंतु त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

तज्ज्ञांकडे केव्हा आणि कसे जावे

क्लेशकारक प्रसंगानंतर काही आठवडे झोप बिघडणे, दचकणे, रडू येणे स्वाभाविक आहे आणि अनेकांना ते हळूहळू कमी होते. महिना उलटूनही प्रसंग स्वप्नांत किंवा जागेपणी पुन्हा पुन्हा घडल्यासारखा वाटत असेल, माणूस त्या जागा व माणसे टाळू लागला असेल, सतत सावध व चिडका झाला असेल, कामावर जाणे सुटले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. अशा आठवणींवर विशेष रीतीचे बोलण्याचे उपचार आहेत, ज्यांत प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने तो प्रसंग सुरक्षितपणे हाताळला जातो. औषधे लागतीलच असे नाही. बांबोळी येथे मनोविकारांसाठीची सरकारी संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ सायकिएट्री अँड ह्यूमन बिहेवियर, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. तेथे जाणे म्हणजे वेडे ठरणे, ही समजूत अनेक घरांनी अजून सोडलेली नाही, आणि तिच्यामुळे माणसे वर्षे वाया घालवतात. एवढ्या लांब जायचे नसेल तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगून सुरुवात करावी. २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येते आणि तेथे मराठीत बोलता येते. जगू नये असे विचार येत असतील तर त्याच दिवशी फोन करावा, आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके, औषधांचा साठा यांसारख्या गोष्टी त्याच्या हाताशी राहू देऊ नयेत.

पहिल्या भेटीला जाताना झोप किती तास लागते, आठवण दिवसातून साधारण किती वेळा येते, दारू किंवा गोळ्या किती घेतल्या जातात आणि त्रास केव्हापासून वाढला, एवढे चार मुद्दे लिहून न्यावेत, कारण तेथे बसल्यावर शब्द सुचत नाहीत. पूर्ण कथा पहिल्याच दिवशी सांगण्याची सक्ती नसते. सोबत नेलेल्या नातेवाइकाने बाहेर बसावे आणि परतताना "काय विचारले" असे विचारू नये. पुढील तारीख कोणती एवढे विचारून त्या दिवशीच्या प्रवासाची व्यवस्था आपल्याकडे घ्यावी.